कंपनीचा कडुनिंब

"मेधा, कडुनिंब दाराबाहेर ठेवू नकोस गं. पाडवा तोंडावर आलाय," समोरच्या कुसुमताई म्हणाल्या, तेव्हा मेधा नुसती हसली. घरात रांगती लेक तन्वी, कुंडीत माती, मातीत मुंग्या. तिला भीती होती ती मुंग्यांची. कुंडी जिन्यातच राहिली.

झाड साधंसुधं नव्हतं. मेधाचा नवरा प्रमोद पुण्याहून येऊन इथे आबिड्सच्या एका सिमेंट कंपनीच्या पर्यावरण विभागात नुकताच लागला होता आणि नोकरी अजून कच्ची होती. जग तापतंय म्हणून सरकार भट्ट्यांचा धूर सक्तीनं कमी करायला निघालं होतं. कंपनीचं म्हणणं, सक्ती कशाला, आम्ही आपखुशीनं झाडं लावतो की. म्हणून प्रत्येक कर्मचाऱ्याच्या घरी एकेक कडुनिंब आला. सरकारी साहेबांना नमुना दाखवायला मात्र चिक्कडपल्लीतलं प्रमोदचंच घर निवडलं गेलं. पाहणी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी.

"झाड हिरवंगार दिसलं की मी पक्का," प्रमोद म्हणाला होता. "नाहीतर बोचकी बांध, पुण्याला परत."

पाडव्याच्या सकाळी मेधानं गुढीला एक डहाळी तोडली, चटणीला चार पानं खुडली आणि ती तन्वीला न्हाऊ घालायला गेली. पोरीला पावडर लावून बाहेर येते, तर कुंडीत नुसती काठी उभी.



"चारच पानं घेतली गं, चटणीपुरती," कुसुमताई म्हणाल्या. "सांगितलं होतं ना तुला?"

वरच्या मजल्यावर सरोजम्मांकडे त्याच दिवशी उगादी, म्हणजे तेलुगू पाडवा. पातेल्यातली कडुनिंबाच्या फुलांची आंबटगोड पच्चडी ढवळत त्या म्हणाल्या, "बाजार में फुलाँ नहीं मिले अम्मा, तो थोडे पत्तेच ले लिये. पंडुग है ना, त्योहार."

खालच्या घरांतही चार-चारच पानं गेली होती. मराठी आणि तेलुगू नवं वर्ष एकाच सकाळी उजाडतं, हे झाड निवडताना कंपनीत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

प्रमोद ती काठी बघून मटकन जिन्यातच बसला. "आता?"

"गौलीगुड्याच्या बाजारातून फांद्या आण. बांधू."

"बांधू कशानं? सुतळी दिसेल की."

मेधानं तन्वीचा हिरवा स्वेटर उसवायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सरकारी साहेब आले, सोबत कंपनीचे मूर्ती साहेब. झाड कसं डौलदार दिसत होतं. मेधा तन्वीला कडेवर घट्ट धरून कुंडीपासून लांब उभी होती. सरकारी साहेबांनी बाळाला बघून टिचकी वाजवली, तन्वी खुशीत पुढे झेपावली आणि हाताला लागली ती फांदी तिनं ओढली. फांदी आली. तिच्यामागून लोकर आली. लोकरीमागून उरलेलं झाड आलं.

 प्रमोदच्या डोळ्यांपुढे पुण्याची गाडी दिसू लागली.

"कलम केलंय," मूर्ती साहेब शांतपणे म्हणाले.

सरकारी साहेबांनी लोकर बोटावर गुंडाळून बघितली. "बाकी के घराँ में भी ऐसाच है?"

"सगळीकडे असंच, सर," मूर्ती साहेब म्हणाले.

"फिर ठीक है. रिपोर्ट तो परसोंच आ गया आपके ऑफिससे, टाइप होके. सिर्फ झाड है बोलके देखना था." त्यांनी पिशवीतून कागद काढले आणि जिन्याच्या कठड्यावर ठेवून सही केली.

 पदवीला मेधानं राज्यशास्त्र घेतलं होतं. सरकारचा निर्णय सरकारच लिहितं, असं त्या पुस्तकांत होतं.

महिन्याभरात धोरण जाहीर झालं. झाडं आपखुशीनं, धुराला सक्ती नाही. राज्यासमोर आदर्श ठेवल्याबद्दल प्रमोदला पेढे मिळाले, नोकरी पक्की झाली आणि बढतीही. कारखान्यावर हरित अधिकारी. राहायला क्वार्टर, अगदी भट्टीला लागून.

"तुम्ही दोघीही चला ना," प्रमोद म्हणाला.

"त्या धुरात? तन्वीला घेऊन?" मेधा म्हणाली. "आणि तो धूर कुणी ठेवला तसाच?"

प्रमोदनं तन्वीकडे बघितलं. तन्वीनं त्याचा चष्मा ओढला.

तो एकटाच गेला. फोनवर 'मजेत आहे' म्हणतो, पण दोन शब्दांच्या मध्ये खोकतो. म्हणून मेधाचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. त्या बाजूला कधी गेलात, तर कारखान्याच्या फाटकाशी थांबून प्रमोद म्हणून हाक मारा. तिथे सगळेच राखाडी दिसतात, तेव्हा चेहऱ्यावर जाऊ नका. जो ओ देईल त्याला जवळून बघा, जेवतो का विचारा, आणि खरं काय ते मेधाला कळवा.