हा शर्ट कधी फाटायचा?

रूथआत्या माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, कापडाकडे बघते. चर्चच्या, आम्ही म्हणतो देवळाच्या, दारात तुम्ही "सलाम, आत्या" म्हणालात, की तिची दोन बोटं तुमच्या बाहीवर. कापड चिमटीत चोळायचं, उजेडाकडे तिरपं करायचं आणि विचारायचं, "सुती हाय. कधी फाटायचा ह्यो?" एका नवरदेवाला तिनं ऐन लग्नात वेदीसमोर हेच विचारलं. तो "होय" म्हणाला ते नवरीला की आत्याला, यावर वऱ्हाडात अजून एकमत नाही.

आत्या माझी कुणी नव्हे, शेजारीण. कोपरगावच्या अलीकडच्या आमच्या अख्ख्या गल्लीची ती आत्या. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या महिला मंडळात ती गोधड्या शिवते. दिवाळीनंतर कारखान्याच्या ऊसतोडीवाले येतात, फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या घालून राहतात. गोधड्या त्यांच्या लेकरांसाठी. गोदावरीकाठची थंडी म्हणजे चहा बशीत ओतावा आणि वडीसारखा कापून खावा!

जुनी लुगडी फुकट मिळतात. दोरा आणि अस्तर मिळत नाही. तो खर्च मंडळीच्या फंडातून चालायचा. मग नवे पाळकसाहेब, म्हणजे पाद्री, आले. माणूस भला, पण हिशोबी. सभेत म्हणाले, "आत्या, नगरहून तयार ब्लँकेटं आणू. एका दिवसात काम. उगाच बायकांच्या बोटांना सुया टोचतात."

सगळ्यांच्या माना हलल्या. आत्याची नाही.

"ब्लँकेटात कोन असतं वो, साहेब?"

साहेबांना प्रश्न कळला नाही. मलाही नाही. शेवटी ते म्हणाले, "बरं. हंगामाच्या सणापर्यंत दोऱ्या-अस्तराचा खर्च तुमच्या मंडळानं उभा केला, तर गोधड्या. नाहीतर ब्लँकेटं."

तिथून आत्याच्या डोक्यात कल्पनांची मोहोळं उठली. पहिली कल्पना : उपदेशात जो पेंगेल त्याला दंड. पहिल्या रविवारी थैली फुगली. दुसऱ्या रविवारी सगळी मंडळी डोळे वटारून बसली. एवढे उघडे डोळे साहेबांनी आयुष्यात पाहिले नव्हते. ते बायबलातल्या पहिल्या उत्पत्तीपासून निघाले आणि शेवटच्या प्रकटीकरणात जाऊन अडकले. योजना त्यांच्याच विनंतीवरून बंद झाली.

दुसरी कल्पना राऊतकाकांच्या गळ्यावर बेतलेली. काका गायला लागले की म्हशी दूध चोरतात. आत्यानं दारोदार निरोप धाडला, "औंदा नाताळाची गाणी घेऊन राऊत दारात यायला नको असंल, तर वर्गणी आत्ताच द्या." सगळ्या गावानं दिली, मारुतीच्या देवळाच्या पुजाऱ्यानंसुद्धा. काकांना वाटलं, लोक आपल्या गाण्यासाठी पैसे देताहेत. ते अजून रियाज करतात.

तरी कमीच पडत होतं. उरला हंगामाचा सण. त्या दिवशी लोक शेतातलं पहिलं पीक, भोपळे, कोंबड्या देवळात आणतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. लिलाव पुकारतो मी, कारण माझी हाक नदीपलीकडची कुत्री ओळखतात. आत्यानं आणला एक कोंबडा. आमच्यात रीत अशी, की लिलावात घेतलेली वस्तू पुन्हा देवाला परत देता येते. मग ती पुन्हा पुकारायची. एरवी हे एक-दोनदा होतं. यंदा जो बोली जिंकेल त्याच्या शेजारी आत्या जाऊन उभी. बाही चिमटीत.

"घरी नेतूस? ने बाबा. माज्या हातानं दानं खाऊन वाढलाय, तेवढं मात्र खाताना आठव."

कोंबडा परत!

तो इतक्यांदा विकला गेला, की शेवटी शेवटी 'तीनदा' म्हटलं की बोली जिंकणाऱ्याच्या हातातून आपणच उतरायचा, टेबलावर परत यायचा आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे मान वळवायचा. अखेरची बोली खुद्द साहेबांची. कोंबडा काखेत धरून ते म्हणाले, "शिवा, आत्या, शिवा. पण आता याला झोपू द्या."

थंडी पडल्यावर एका सकाळी मी टेम्पो घेऊन गोधड्या न्यायला गेलो. गठ्ठे बांधलेले होते. एक गोधडी मात्र खाटेवर पसरलेली. हात लावला तर ऊबदार.

"आत्या, ही वापरलेली दिसतेय."

"समद्याच वापरल्यात. एकेक रात. कोऱ्या गोधडीत लेकराला झोप लागत न्हाई. आधी कुनीतरी निजून ऊब घालावी लागती."

कपाटावर पुण्याच्या लेकानं धाडलेलं ब्लँकेट होतं. प्लॅस्टिकच्या पिशवीची चेनसुद्धा उघडलेली नव्हती. माझी नजर तिकडे गेलेली तिनं पाहिली.

"लई मऊ हाय. पर त्यात कुनी न्हाई, दाविदा." मग तिचं बोट खाटेवरच्या गोधडीवरून फिरलं. "ही तुज्या आईची हिरवी. ही राऊताची लुंगी. ह्यो तुजा शाळंतला शर्ट. रातभर समदी गल्ली मुक्कामाला हुती."

तिनं गोधडीची घडी घातली, दोनदा झटकली आणि माझ्या हातांवर ठेवली.

"ही शेवटची."

खाटेवर आता नुसती सुंभाची वीण. मी गोधडी टेम्पोत ठेवून निघणार, तोच बाहीवर दोन बोटं आली.

"सुती हाय. कधी फाटायचा ह्यो?"

"लवकरच, आत्या," मी म्हणालो.

शर्ट दिवाळीचा होता. कोरा.