कुकरमधलं पेट्रोल

भविष्यातलं पेट्रोल मुलुंड पश्चिमेला, आमच्या घरी, पाच लिटरच्या कुकरमध्ये तयार होणार आहे, असं मी नवरात्राच्या पहिल्याच दिवशी जाहीर केलं. ऐकायला माझी बायको नलिनी एकटीच होती आणि ती घट बसवत होती. तिने एवढंच विचारलं, “कुकर माझा, की नवीन आणणार?”

मी देवदत्त. विमा कंपनीत एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांचे अपघात तपासले आणि निवृत्त झालो. स्वतःची गाडी एकच, निळी स्कूटर, लग्नानंतर आठ महिन्यांनी घेतलेली. नलिनी मागे बसून बोलायची, वाऱ्यामुळे मला निम्मंच ऐकू यायचं आणि मी सगळ्यालाच हो म्हणायचो. आमच्या संसारातले बहुतेक मोठे निर्णय असेच झालेत. फ्रिज कुठला घ्यायचा हेसुद्धा!

तर ही स्कूटर दोन वर्षं जागची हलली नव्हती आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश यांना नेमकी तीच जागा हवी होती. तिथे विजेच्या गाड्यांसाठी चार्जिंग पॉइंट बसवायचा होता. घट बसले त्याच संध्याकाळी मीटिंगमध्ये ते फार सभ्यपणे म्हणाले की देवदत्तराव, जमाना बदलला, आता स्कूटरला निरोप द्या. मी शांतपणे हो म्हणालो असतो तर ही कथा लिहायची वेळ आली नसती. पण माझी पुतणी गंधाली केमिकल इंजिनिअरिंग शिकते आणि आदल्याच रविवारी ती जेवायला आली होती.

तिने मला सगळं समजावून सांगितलं होतं. पालापाचोळा, काड्या, नारळाच्या शेंड्या, असला जैविक कचरा तापवायचा. त्याचा वायू करायचा, वायूला दाब द्यायचा, सोबत लोखंडासारखा उत्प्रेरक ठेवायचा, की त्यातून पातळ इंधन मिळतं. ते थेट आपल्या पेट्रोल-डिझेलसारखंच, त्याच इंजिनात चालणारं. विमानाला आणि जहाजाला बॅटरीचं ओझं झेपत नाही, म्हणून पुढच्या काळात तिथे ते लागणारच, असंही ती म्हणाली. यापुढे ती प्रचंड मोठे कारखाने, अफाट खर्च आणि अजून बरीच वर्षं लागतील असं बरंच काही बोलली, पण तोवर माझी तंद्री लागली होती.

खरं सांगतो, काय काय दिसत होतं मला! कोकणातल्या वाडीवाडीत शेंड्यांचे ढीग, आणि ढिगाशेजारी छोटीशी चकचकीत रिफायनरी. घाटकोपरच्या डोंगरावरून विमानं खाली उतरताहेत आणि त्यांच्या धुराला भाजलेल्या खोबऱ्याचा मंद वास येतोय. नलिनी गच्चीत उभी राहून तो वास घेते आणि म्हणते, अहो, हे तुमचं विमान. मग मी नुसता हसतो. मोठी माणसं अशा वेळी नुसतीच हसतात.

तर मीटिंगमध्ये मी उभा राहिलो आणि म्हणालो, “दसऱ्याला ही स्कूटर सोसायटीच्याच कचऱ्यावर चालवून दाखवतो. निर्माल्य आणि नारळाच्या शेंड्या, बस्स.”

चंद्रप्रकाशांनी लगेच ते लिहून घेतलं. स्कूटर चालली तर जागा कायमची माझी, नाही चालली तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला. घरी येताना नलिनी जिन्यात थांबली. खाली वळून एकदा स्कूटरकडे बघितलंन.

नऊ दिवस मी घरोघरी फिरून निर्माल्य गोळा केलं. वाळलेला झेंडू आणि शेंड्या कुकरमध्ये भरल्या. दाब म्हणजे कुकर आलाच, आणि उत्प्रेरक म्हणून जुने गंजके खिळे टाकले. नवमीला घरात इतका धूर झाला की वरच्या मजल्यावरच्या रत्नप्रभाबाई हरवलेली मांजर शोधायला आल्या आणि आमच्या हॉलमध्ये मलाच शोधत बसल्या. कुकरची रिंग वितळली. पण शेवटी शिट्टीच्या जागी बसवलेल्या नळीतून थेंब थेंब करत अर्धी बाटली काळपट द्रव जमला!

बाटली आगळाची होती. नलिनीचा भाऊ मालवणहून दरवर्षी कोकमाचं आगळ पाठवतो, त्यातलीच रिकामी. मी कापसाची वात त्या द्रवात बुडवली आणि काडी लावली. वात चुरचुरली आणि विझली. दुसरी काडी लावली, तीही विझली. नलिनी दारात उभी राहून बघत होती. वात जुनी आहे, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “असेल. आता झोपा, उद्या लवकर उठायचंय.”

दसऱ्याच्या सकाळी बाटली बघतो तर चमत्कार! काळपट द्रव गायब आणि त्या जागी लालसर, पारदर्शक, झकास इंधन. रात्रभरात गाळ खाली बसला असणार, असं माझं अनुमान. गाळ कुठेच दिसत नव्हता, पण मोठ्या शोधात असल्या बारीकसारीक गोष्टींकडे बघायचं नसतं. वास घेतला तर हुबेहूब पेट्रोल. गंधाली म्हणालीच होती, थेट पेट्रोलसारखं!

खाली सगळ्या गाड्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून रांगेत उभ्या होत्या. नलिनीने स्कूटरला हळदकुंकू वाहिलं, चाकासमोर नारळ फोडला. चंद्रप्रकाशांनी टाकीत काडी घालून ती कोरडी असल्याचं सर्वांना दाखवलं. मी बाटली ओतली. पहिली किक, काही नाही. दुसरी, काही नाही. कुणीतरी मागे हसलं. तिसऱ्या किकला स्कूटर खोकली, थरथरली आणि चालू झाली!

मी कंपाउंडला तीन फेऱ्या मारल्या. लोक टाळ्या वाजवत होते. चंद्रप्रकाशांनी स्वतः माझ्या गळ्यात माळ घातली, चार्जिंग पॉइंट पंपरूमशेजारी बसवायचा असं तिथल्या तिथे लिहून सह्या घेतल्या, आणि वर आपल्या स्कूटरसाठीही दोन लिटर मागितले. मला तर विमानाचा आवाजसुद्धा ऐकू येऊ लागला होता.

संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर नलिनी म्हणाली, “चला, नाक्यापर्यंत चक्कर मारू.” किती वर्षांनी ती मागे बसली! तिचा हात खांद्यावर आला आणि मी पुन्हा तिशीतला झालो. ती काहीतरी बोलत होती. वाऱ्यामुळे मला निम्मंच ऐकू येत होतं आणि मी हो हो म्हणत होतो.

नाक्याच्या अलीकडे स्कूटर बंद पडली.

“संपलं वाटतं,” नलिनी म्हणाली. “समोर पंप आहे. भीमराज म्हणालाच होता, अर्ध्या बाटलीत एवढंच जाईल.”

भीमराज म्हणजे आमच्या गल्लीतला गॅरेजवाला. मी स्कूटर स्टँडला लावली.

“कालच आणून ठेवलं होतं त्याच्याकडून,” ती म्हणाली. “ऑईलसुद्धा मिसळून दिलंन त्याने. तुम्ही ऑईल घालायला विसरलात, हे लक्षात तरी आलं का?”

“आणि माझं इंधन?”

“तुळशीपाशी ठेवलंय. डास गेले सगळे, चांगलं आहे ते.” मग जरा थांबून म्हणाली, “पूजा केलेली गाडी दसऱ्याला सगळ्यांसमोर बंद पडायला नको होती मला. आणि ती भंगारात गेलेली तर मुळीच नको होती. तुम्ही एकटेच बसला होतात का हिच्यावर?”

मला रडू येत होतं की हसू, ते अजून ठरलेलं नाही. दोघांनी मिळून स्कूटर पंपापर्यंत ढकलली. पंपावरच्या मुलाने नळी टाकीत घातली तेवढ्यात मागून ओळखीचा हॉर्न वाजला. माळ घातलेल्या स्कूटरवर चंद्रप्रकाश.

“हवा भरायला आलो होतो,” मी म्हणालो.

त्यांनी टाकीतल्या नळीकडे बघितलं. मग नलिनीकडे बघितलं. तिने पदर सारखा केला आणि त्यांच्या नजरेला नजर दिली.

“सह्या झाल्यात देवदत्तराव,” चंद्रप्रकाश म्हणाले, “आता कोण खोडाखोड करत बसणार? फक्त माझ्या त्या दोन लिटरचं राहू द्या. मी इथूनच घेतो.”

जैविक इंधनाचं भविष्य उज्ज्वल आहे, यावर माझा आजही पूर्ण विश्वास आहे. गंधालीच्या पिढीत विमानं उडतीलच त्याच्यावर. आमच्या घरी मात्र सध्या वरण पातेल्यात शिजतं, कारण कुकरला अजून रिंग मिळालेली नाही.