माझ्या लॉनचं बलिदान

सोसायटीला अनुदान आणावं तर मीच, हे अख्ख्या नाहूरला ठाऊक आहे! सेक्रेटरी काय उगाच झालोय?

एक ट्रस्ट आमच्या गच्चीवर सोलर बसवून देणार होता, शिवाय इमारतीमागचा रान माजलेला तुकडा कायमचा राखायला मदतही. फक्त त्यांच्या अस्मिता मॅडमना पाहणीत पटायला हवं. नाहीतर तिथे पार्किंग! पार्किंगवाले टपूनच बसलेले. आमच्या नीलाचा त्या तुकड्यावर भारी जीव. तिथल्या उंबराखालच्या झुडपात शिंजीर पक्ष्याचं घरटं होतं, पिल्लं नुकतीच अंड्यातून बाहेर आलेली.

"अहो, ते गेलं तर बघा हं!"

"अगं, मी आहे ना! असं स्वागत करतो की मॅडम बघतच राहतील."

लगेच मांडववाल्या अंबादासला फोन लावला. "कमान, लायटिंग, सगळं झकास पाहिजे. आणि मागचं जंगल सफाचट कर. घरी पाहुणे येतायत, पसारा दिसायला नको!"

पाहणीच्या दिवशी सकाळी कडक इस्त्रीचा झब्बा घालून ऐटीत खाली उतरलो आणि बघतो तर काय! गेटजवळची माझी लाडकी लॉन, कडेचे क्रोटन, सगळं गायब. नुसती तुळतुळीत माती!

"अंबादास! काय केलंस हे?"

"साहेब, वहिनी म्हणाल्या, मागे हात लावायचा नाही, पुढचं काढ."

नीला मागेच उभी. "जंगल राखायला मदत मागताय आणि जंगलच कापताय? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

तेवढ्यात मॅडम हजर! त्यांच्या स्वागताला अंबादासने लायटिंगचा जनरेटर सुरू केला. भक्कन काळा धूर थेट मॅडमच्या तोंडावर. स्वच्छ ऊर्जेच्या पाहुणीला डिझेलचं औक्षण!

"बंद कर रे, बंद कर!" मी ओरडलो. वाट लागली म्हणून डोळेच मिटून घेतले.

मॅडम खोकत खोकत मागे गेल्या. पिल्लं बघून हरखल्या. परत येताना गेटपाशी थबकल्या. "इथे काय होतं?"

"लॉन," मी मेलेल्या आवाजात म्हणालो.

"टँकरचं पाणी पिणारी? आणि तुम्ही ती स्वतःहून काढलीत? अहो, आम्ही एवढं मागितलंही नव्हतं!"

मी नीलाकडे पाहिलं. छाती आपोआप फुगली. "निसर्गासाठी एवढं करावंच लागतं, मॅडम!"

नीलाने पदराआड तोंड लपवलं.

अनुदान मिळालं! सोलर लागलं, पार्किंगवाले गार पडले. मॅडम इतक्या खूश, की पुढची मोकळी जागाही त्यांनी राखीव यादीत घातली. तिथे काही कापायचं नाही, काही लावायचं नाही. मी रुबाबात सही केली.

गेटपाशी माझ्या नावाची पाटीही लागली आहे. येऊन बघा एकदा. गवत जरा हाताने बाजूला करावं लागेल, कारण ते कापायची मला परवानगी नाही!