समुद्राला जायची रंगीत तालीम

अपघात नावाची गोष्ट जगात नसते. असते ती फक्त अपुरी तयारी. हे वाक्य साहेबांनी कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून उभी हयात ऐकवलं आणि निरोप समारंभाच्या भाषणातही ऐकवलं. त्यानंतर व्यासपीठावरून उतरताना पायरी चुकून ते मॅनेजरांच्या मांडीवर बसले. पण सभागृह भाड्याचं होतं, त्यामुळे ती पायरी त्यांच्या अखत्यारीत येत नव्हती.

कामगार त्यांना पाठीमागे 'भोंगा' म्हणत. आगीच्या कवायतीचा भोंगा ते कधीही वाजवत. जेवणाच्या सुट्टीत, पाहुणे आलेले असताना, एकदा तर खुद्द मालक स्वच्छतागृहात असताना. सगळे जीव मुठीत धरून मैदानात धावत आणि साहेब शांतपणे घड्याळ बघत. आधी कुणाला कळू द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. "सांगून केलेली कवायत म्हणजे सहल," असं ते म्हणत.

निवृत्तीनंतर खरोखरच सहलीची वेळ आली. साहेबांच्या बायकोला, म्हणजे अख्ख्या इमारतीच्या काकूंना, समुद्र बघायचा होता. लग्न झालं तेव्हापासून बघायचा होता. पण आधी साहेबांची नोकरी नवी होती, मग मुलगी लहान होती, मग कारखान्याचा बॉयलर म्हातारा झाला आणि साहेबांना त्याला सोडून जाववेना. आता नोकरी संपली होती, बॉयलर भंगारात गेला होता आणि मुलगी गावातच स्वतःच्या संसारात रमली होती. सबबी संपल्यावर साहेबांनी तिकिटं काढली आणि खिशात ठेवली.

"कधीची आहेत?" काकूंनी विचारलं.

"वेळेवर कळेल."

"अहो, मी समुद्र बघायला चाललेय की परीक्षेला?"

तिकिटं पुढच्या रविवारची होती. साहेबांनी काकूंना, मुलीला आणि खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना सांगितला मात्र त्याच्या आधीचा, हा रविवार.

सकाळी सगळं यथासांग पार पडलं. नळ बंद, गॅस बंद, खिडक्या बंद. किल्ली नर्सबाईंकडे. काकूंनी नवे कपडे घातले होते आणि जिन्यात भेटेल त्याचा निरोप घेतला होता. नर्सबाईंच्या गळ्यात पडून तर त्या चक्क रडल्या.

"काकू, आठच दिवस जाताय ना?" नर्सबाई म्हणाल्या.

"तुला नाही कळायचं गं," काकू म्हणाल्या. "हा माणूस खरंच निघालाय."

टॅक्सी निघाली तेव्हा गॅलऱ्यांमधून हात हलत होते. साहेबांनीही हलवला. कवायत खरी वाटायला हवी.

स्टेशनवर पोचल्यावर त्यांनी घड्याळ बघितलं.

"उत्तम. कुठेही गोंधळ नाही. चला."

"गाडी आली?"

"गाडी पुढच्या रविवारी. आता घरी. ही आपली रंगीत तालीम होती."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. कारखान्यात बॉयलरचा काटा लाल रेघेकडे सरकला की साहेब सगळ्यांना दहा पावलं मागे घेत. इथे मागे रूळ होते.

काकू साहेबांच्या बॅगेवर बसल्या. मग उठल्या, बॅगेवर हात दाबून बघितला आणि तिची चेन उघडली. आत जुन्या वर्तमानपत्रांत नीट गुंडाळलेल्या विटा होत्या.

"हे काय आहे?"

"वजन. कपड्यांइतकंच," साहेब म्हणाले. "इस्त्री कशाला मोडायची उगाच? कवायतीत स्ट्रेचरवर आपण खरा जखमी ठेवत नाही. वाळूचं पोतं ठेवतो."

"आणि मी कोण? पोतं?"

या प्रश्नाची पूर्वतयारी साहेबांनी केलेली नव्हती. काकूंच्या बॅगेला हात लावायचं धाडस त्यांना झालं नव्हतं, त्यामुळे तिच्यात खरे कपडे होते, एवढंच त्यांना बोलायला सुचलं. तेही त्यांनी बोलायला नको होतं.

"मी घरी येणार नाही," काकू म्हणाल्या. "सगळ्या इमारतीने मला हात केलाय. आता कुठल्या तोंडाने जिना चढू? आणि पुढच्या रविवारी तुम्ही पुन्हा घड्याळच बघणार."

साहेबांनी बाजूला होऊन मुलीला फोन लावला. मागून दणादण आवाज येत होते.

"बाबा, बसलात का गाडीत? आईला सांगू नका हं, पण मी तुमच्या घराला रंग काढायला घेतलाय. टॅक्सी कोपऱ्यावरून वळली आणि रंगारी आत शिरले. तुमच्या नियमाप्रमाणे आधी सांगितलं नाही."

"फार छान," साहेब म्हणाले. "पण समजा, आम्ही आत्ता परत आलो तर?"

"समजाबिमजा काही नको, बाबा. तुमच्या पलंगावर माळ्यावरचं सगळं सामान आहे आणि सामानावर रंगारी उभा आहे."

फोन ठेवून साहेब वळले तेव्हा काकू तिकिटाच्या खिडकीशी पोचल्या होत्या.

"समुद्राची दोन तिकिटं द्या."

"कुठल्या समुद्राची?" आतल्या कारकुनाने विचारलं.

"जवळच्या."

"पलीकडच्या फलाटावर गाडी उभी आहे. पण आरक्षण मिळणार नाही, आजी. उभ्याने जावं लागेल."

"चालेल. मला सवय आहे."

काकू तिकिटं घेऊन जिन्याकडे निघाल्या. मागे वळून त्यांनी बघितलं नाही. साहेब तिथेच उभे राहिले. रंग वाळेपर्यंत मुलीकडे राहता आलं असतं. पुढच्या रविवारी आरक्षित जागा होत्या, खिडकीजवळच्या. उलट या गाडीत काय होतं? गर्दी, आणि एक बाई. एरवी जिना चढताना ती नेहमी दोन पायऱ्या मागे असायची. आज मात्र ती वर पोचली होती.

साहेब धावले. विटांसकट धावले, कारण बेवारस सामान फलाटावर सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

डब्यात काकूंनी सरकून त्यांना टेकायला जागा करून दिली. गाडी सुटल्यावर विचारलं, "हात दुखला का?"

"नाही," साहेब म्हणाले. "म्हणजे, हो."

समुद्राकाठच्या लॉजच्या मालकाने बॅग उचलून बघितली आणि काही विचारलं नाही. साहेबांनी विटा अंगणात उतरवल्या. बाजारातून त्यांना एक ढगळ शर्ट घेतला गेला. त्यावर मासे होते. काकूंनी निवडला होता.

संध्याकाळी दोघं किनाऱ्यावर गेले. ओहोटी होती. समुद्र पार लांब, एखाद्या रेघेसारखा दिसत होता. मधे नुसती ओली वाळू.

साहेबांना वाटलं, आता काही खरं नाही. पण काकू वाळूत बसल्या.

"येईल की," त्या म्हणाल्या.

"किती वाजता?"

"येईल तेव्हा येईल. बसा तुम्ही."

साहेब बसले. बूट काढून शेजारी ठेवले. थोड्या वेळाने आडवे झाले, आणि नोकरीच्या सगळ्या वर्षांत लागली नव्हती अशी झोप त्यांना लागली. पाणी आलं तेव्हा काकू हसत ओरडत होत्या, लाटा साहेबांच्या कमरेपर्यंत पोचल्या होत्या आणि माजी सुरक्षा अधिकारी घोरत होते.

बूट एकच सापडला.