भोईरांची हवा

आमच्या लॅबमध्ये नेलपॉलिश पुसायलाही भोईरकाकांची परवानगी लागायची. रिसेप्शनवरच्या मुलीनं एकदा टेबलावर रिमूव्हरची बाटली उघडली, तर काकांनी तिला बाटलीसकट गच्चीवर पाठवलं.

लॅब म्हणजे पावण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्याचा पोटमाळा. रंग आणि ते विरघळवणारी सॉल्व्हंट यांचे नमुने तपासायचे. मी केमिस्ट, काका लॅब असिस्टंट, मूळचे जवळच्याच बोनकोडे गावचे. डिग्री माझ्याकडे, पण कुठलं काम उघड्या टेबलावर करायचं आणि कुठलं वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात, म्हणजे हूडमध्ये, हे तेच ठरवायचे. प्रत्येक बाटलीला तीन प्रश्न: "किती हाय? उडतंय का? तापवनार काय?" मिठाच्या पाण्यासाठी हूड मागितला तर हाकलून द्यायचे. वास तर येत नाही, असं म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं, "नाकाव भरवसा ठेवू नका, मॅडम. दोन मिन्टांत त्याला सवय होते."

एक दिवस हूडचा पंखा जळला. टोल्यूइन या सॉल्व्हंटचा एक नमुना तापवून आटवायचा होता, रिपोर्ट संध्याकाळी द्यायचा होता. साहेब म्हणाले, खिडक्या उघडा आणि उरका. मी तयार होते. काका हॉटप्लेटसमोर स्टूल टाकून बसले. खिडकीतला वारा वाफ बाहेर नेत नाही, कधी उलट तोंडावरच आणतो, एवढं त्यांनी साहेबांना सांगितलं. साहेबांनी मेमो दिला. काकांनी त्यावर सही केली आणि पुन्हा तिथेच बसले. रिपोर्ट गेला नाही, जुना ग्राहक मात्र गेला. बोलणी मीही खाल्ली. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी मी डबा खात होते, तेव्हा ते समोर येऊन बसले. मान खाली.

"तुमी सकाली बाथरूममधी ओकता, ते ऐकू येतं. मी कोनाला बोललो नाय."

मला दिवस गेलेत हे तोवर फक्त माझ्या नवऱ्याला माहीत होतं.

मग ते बायकोबद्दल बोलले. सुनंदाताई पूर्वी दुसऱ्या एका कारखान्यात काचेची भांडी सॉल्व्हंटनं धुवायच्या. खोलीला ना खिडकी, ना पंखा. ती नोकरी काकांनीच मिळवून दिली होती. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा गर्भपात झाला. कशामुळे ते सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

"वास येतो, असं ती बोलायची," काका म्हणाले. "मी बोललो, होईल सवय."

मी डबा बंद केला. त्याच दुपारी साहेबांकडून बाळंतपणापर्यंत कागदी काम मागून घेतलं.

मुलीच्या बारशाला दोघंही आले. सुनंदाताईंनी तिला मांडीवर घेतलं ते खाली ठेवलंच नाही. पाळण्याची वेळ टळत चालली, बायका खोळंबल्या. शेवटी मी मुलीला घ्यायला पुढे झाले, तर दाराशीच उभे राहिलेले काका हळूच म्हणाले,

"मॅडम, जरा ऱ्हाऊंद्या तिच्याजवल."

मी मागे सरले.