लिफ्टला हरकत

आवक लिपिकाची आई चौथ्या मजल्यावर राहत होती आणि आवक लिपिकाला त्याचे वजन दुसऱ्या मजल्यापुढे चढू देत नव्हते. त्यामुळे दर रविवारी मायलेकांची भेट इमारतीच्या दर्शनी बाजूस होई. आई खिडकीत, मुलगा फुटपाथवर, आणि कौटुंबिक विषयांवर ओरडून चर्चा. त्याच्या बद्धकोष्ठाची खबरबात त्या गल्लीत पोराटोरांना पाठ होती.

लिफ्ट बसवायची परवानगी मागणारा आईचा अर्ज सरकारी कार्यालयात पडून होता. ते कार्यालय लिपिकाचेच. तिथे नोकरीला असल्यामुळे परवानगी कधी मिळेल याविषयी त्याचा कसलाही गैरसमज नव्हता. म्हणून त्याने वजन कमी करायचे ठरवले.

"प्रत्येकाचं शरीर वेगळं. तुमची पद्धत तुम्हालाच शोधावी लागेल," डॉक्टर म्हणाले. फी मात्र त्यांनी इतरांइतकीच घेतली.

बायकोने त्याला उकडलेल्या कोबीवर ठेवले. त्याने अंग रोडावले नाही, फक्त तो शेजाऱ्यांशी चिडून बोलू लागला. मेहुण्याने घड्याळ बघून जेवायला सांगितले. लिपिक दिवसभर घड्याळाकडे बघे आणि वेळ झाली की दोन माणसांचे जेवे. व्यायामशाळेतल्या पिळदार दंडांच्या तरुणाने त्याला धावत्या पट्ट्यावर उभे केले. पट्टा धावला, लिपिक मागच्या भिंतीपाशी सापडला.

मग त्याला आपली पद्धत सापडली, तीही कार्यालयातच. आवक विभाग तळमजल्यावर, साहेब सर्वांत वर, दुसऱ्या मजल्यावर. लिपिकाने जेवणाचा डबा साहेबांच्या खोलीबाहेरच्या कपाटात ठेवायला सुरुवात केली. भूक लागली की जिने चढायचे, दोन घास खायचे, उतरायचे. आणि रिकाम्या हाती काय जायचे, म्हणून जाताना एक फाइल न्यायची.

कमरेचा पट्टा एक भोक आत आला, मग आणखी एक. बायकोने कोबी बंद केला. एका रविवारी तो आईच्या जिन्यात तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचला आणि तिथून त्याने हाक मारली. आई दारात येऊन कठड्यावरून वाकली. कित्येक महिन्यांत तिने त्याचा चेहरा इतक्या जवळून पाहिला नव्हता.

"अरे, किती वाळलास! पुढच्या रविवारी वरच ये. पानावर बसवते तुला."

"येतो गं," लिपिक म्हणाला, आणि त्याला गहिवरून आले. दमही लागला होता, पण गहिवर वेगळा कळत होता.

इकडे कार्यालयावर संकट कोसळले होते. फाइली वर जात होत्या. महिनोन्महिने निपचित पडलेले अर्ज साहेबांच्या टेबलावर येऊन उभे राहत होते. लोकांना परवानग्या मिळू लागल्या. एक गृहस्थ तर परवानगी हातात घेऊन, "ही खरी आहे का?" असे विचारायला परत आला. आईची फाइल आता ढिगाच्या अगदी वर होती. सोमवारी तिचाच नंबर.

सोमवारी साहेबांनी लिपिकाला बोलावले.

"फाइल इतक्या लवकर वर येते, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. कोण देतं तुम्हाला, आणि काय देतं?"

"साहेब, माझं फक्त वजन उतरतंय."

"साहेब, आमच्या पोटावर पाय येतोय," दारातला शिपाई म्हणाला. "फाइल नेणं माझं काम. मी ते करत नाही ही गोष्ट वेगळी. पण म्हणून भाऊसाहेबांनी करावं?"

साहेबांनी लिपिकाला आपादमस्तक न्याहाळले, मग स्वतःच्या पोटाकडे पाहिले. चौकशी तिथेच मिटली. दुपारी आदेश निघाला : सदर पद्धत ही वैयक्तिक पद्धत म्हणून मान्य करण्यात येत असून, सर्व कर्मचाऱ्यांनी आपापली वैयक्तिक पद्धत म्हणून तीच अवलंबावी.

आता सगळ्यांनाच फाइली हव्या झाल्या. ढीग हां हां म्हणता संपला. व्यायामाला फाइल उरेना, तेव्हा वर गेलेली फाइल शेरा मारून खाली पाठवण्याची सोय झाली. सही ठळक नाही, खाली. सही फारच ठळक आहे, वर. कर्मचारी सडपातळ होऊ लागले. त्यांना दम लागू लागला, तेव्हा हा लाभ जनतेपर्यंत पोचवायचे ठरले, आणि फाइलींसोबत अर्जदारांनाही वर-खाली पाठवू लागले.

एवढ्या मोठ्या कामाला समिती हवी. पद्धतीचा जनक म्हणून अध्यक्षपद लिपिकाकडे आले. त्याला वरच्या मजल्यावर खुर्ची मिळाली आणि डबा हाताशी आला. सकाळी बैठक, दुपारी बैठक, प्रत्येक बैठकीत केक. अध्यक्षांनी हात लावल्याशिवाय सदस्य खात नसत, आणि सदस्यांना भूक फार लागे. पट्ट्याची भोके एकेक करून परत मिळाली. आईकडचा रविवार पुढच्या रविवारवर गेला, मग त्याच्या पुढच्या.

एके दिवशी समितीपुढे एक प्रकरण आले. चार मजली इमारतीत लिफ्ट बसवणे. सदस्यांचे एकमत झाले होते : लिफ्टमुळे रहिवाशांच्या व्यायामाच्या हक्कावर गदा येते, सबब हरकत. लिपिकाने अर्जदाराचे नाव वाचले. त्याने पेन खाली ठेवले.

"अध्यक्षांचीच पद्धत आहे," एक सदस्य म्हणाला. "अध्यक्षच मागे हटले तर लोक काय म्हणतील?"

लिपिकाने सही केली. सही पुरेशी ठळक होती.

रविवारी तो फुटपाथवर उभा राहिला. मान वर करायलाही आता कष्ट पडत होते. खिडकीत कोणी नव्हते. आई जिन्यातून उतरत होती, कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. खालच्या पायरीवर आल्यावर ती मटकन बसली.

"अगं, तू कशाला उतरलीस? दमलीस ना?"

"तुझ्या कचेरीने किती हेलपाटे घालायला लावले! अर्जदाराने दमून कसं चालेल?" तिने पदराने कपाळ पुसले. "तू वर येईनास, म्हटलं आपणच जावं. आजवर कशीबशी चढत होते, आता मला वर कोण नेणार रे?"

लिपिकाने जिन्याकडे पाहिले. मग तोही तिच्याशेजारी बसला, कारण दुसरे काही त्याला जमण्यासारखे नव्हते.

वार्षिक अहवालात या आईचा फोटो आहे. 'वृद्ध अर्जदार, योजनेनंतर' असे खाली छापले आहे, आणि फोटोत ती खरोखरच बारीक दिसते. तुम्हाला हे पटत नसेल, तर मागच्या वेळी साध्या दाखल्यासाठी तुम्ही कुठकुठल्या खिडक्यांवर फिरलात ते आठवा. त्या दिवशी घरी आल्यावर वजन केले होते का? केले नसेल. आणि सरकार आपल्यासाठी काहीच करत नाही म्हणून बोटे मोडत, तुम्ही दोन घास जास्तच खाल्ले असतील.