आणखी काही, अम्मा?

शिकवलेलं मोजता येतं, यावर १९५४ सालच्या मद्रासेत माझ्याइतका ठाम विश्वास कुणाचाच नव्हता! एग्मोरच्या आमच्या विमा कंपनीत कारकुनांना सौजन्य शिकवायचा वर्ग मी काढला होता. मॅनेजर गुरुराज यांना मात्र सूर्य उगवल्याचाही पुरावा लागे.

"वर्गाचा उपयोग काय झाला ते शुक्रवारी दाखवा. नाहीतर वर्ग बंद, आणि तुम्ही परत दप्तरखान्यात!"

दप्तरखान्यात! तिथे झुरळंसुद्धा नाइलाजाने राहत.

मी चंग बांधला. खोटं गिऱ्हाईक पाठवायचं, तेही असं की ज्याच्यापुढे सौजन्याची राखरांगोळी व्हावी. असं माणूस घरातच होतं. माझ्या सासूबाई, सईबाई. तंजावरच्या मराठी. त्या चिडल्या की कावळे गच्ची सोडून जात.

"पावती मिळाली नाही म्हणून भांडायचं, एवढंच," मी पढवलं.

"भांडायला तुम्ही शिकवणार मला, जावईबापू?"

बायको कृष्णवेणी आतून म्हणाली, "अहो, अम्माला बोलतं करू नका. मग बंद करता येत नाही!"

मी पुण्याचा. ऐकायची सवय नाही.

शुक्रवारी गुरुराज आणि मी खांबाआड उभे राहिलो. काउंटरवर नारायणस्वामी. वर्गाआधी हा गिऱ्हाइकाकडे विंचवाकडे बघावं तसा बघे. सासूबाई तमिळमधून कडाडल्या, आणि नारायणस्वामी चक्क उठून उभा राहिला! खुर्ची दिली. कॉफी मागवली. मग मी शिकवल्याबरहुकूम त्याने तक्रार खणखणीत आवाजात परत म्हणून दाखवली. गुरुराजांनी मान डोलावली. माझी छाती सदऱ्यात मावेना.

"आणखी काही, अम्मा?"

हेही मीच शिकवलेलं. गिऱ्हाईक रिकामं होईपर्यंत विचारत राहायचं!

सासूबाई थबकल्या. उभ्या आयुष्यात त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. पदर सावरून त्या ऐसपैस बसल्या.

"आहे की! माझा जावई सांबारात गूळ घालतो. मी पाठ फिरवली की, माझ्या सांबारात!"

"तक्रार दुसरी," नारायणस्वामी गरजला, "जावई सांबारात गूळ घालतात!"

टाइपरायटर थांबले. हप्ता भरायला आलेल्या एका म्हाताऱ्याने कानांवर हात ठेवले. आमच्याकडे आमटीत गूळ नसला तर पाहुणा रुसतो, पण हे मद्रासला कोण सांगणार?

गुरुराज मूळचे तंजावरचेच. ते कुजबुजले, "कोण हो हा नराधम?"

"असेल कुणीतरी," मी म्हणालो.

"आणखी काही, अम्मा?"

"आणि तोच म्हणे इथं लोकांस सभ्यपणा शिकवतो!"

आता माझा शेवटचा नियम उरला होता. जबाबदार माणसाला तिथल्या तिथे बोलावून माफी मागायला लावायची.

"जावई कुठे भेटतील, अम्मा?"

"तो काय, खांबामागं लपलाय की!"

मी पुढे झालो. हात जोडले.

"थोडं वाकून, सर," नारायणस्वामी नम्रपणे म्हणाला. "आपणच शिकवलंत."

गुरुराजांनी निकाल दिला, "शिक्षण पूर्ण लागू पडलंय. फक्त शिकवणाऱ्याला तेवढं लागलेलं दिसत नाही."

वर्ग टिकला. दप्तरखानाही टळला. हल्ली नारायणस्वामी शिकवतो आणि मी पहिल्या बाकावर बसतो. घरी सांबाराला मी बोट लावत नाही. गुळाचा खडा आता ऑफिसात, डब्याशेजारी, टेबलाच्या खणात असतो. नारायणस्वामीने तो पाहिलाय. पण त्याला अजून कुणी "आणखी काही?" असं विचारलेलं नाही, एवढाच काय तो दिलासा!